माझ्या बाबांना विमानात बसवा, असं मला परत कोणी सांगू नका

आज डोकं फिरलंय, म्हणून मोठी पोस्ट आहे.

चीनच्या व्हिसाच्या कागदांसाठी एका ट्रॅव्हल ऑफिसात गेले होते. सिंगापूर ते चीनमधलं कुनमिंग, मधे मलेशिया, थायलंड, लाओस, आणि सगळं रेल्वेने असा आमचा बेत आहे. मी आणि पंचाहत्तरीला आलेले बाबा. समोरच्याने कागद बाजूला सारला. "विमानाने चार-साडेचार तासांत पोचाल मॅडम, वडिलांचे कशाला हाल? आणि मधे बघण्यासारखं आहे तरी काय?" बाबा शेजारीच बसले होते. त्यांना त्याने एका शब्दाने विचारलं नाही.

माझे बाबा मिरज-लोंढा मीटर गेजवर गार्ड होते (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). ब्रॉड, मीटर, नॅरो असे तिन्ही गेज जिथे नांदले त्या मिरज जंक्शनात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यांना हा सांगणार बघण्यासारखं काय असतं ते!

पदांग बेसारचा प्रसंग जुन्या मित्रमंडळींना माहीत आहे. थायलंडच्या सीमेवरचं, मलेशियाच्या हद्दीतलं टोकाचं स्टेशन. दोन्ही देशांचे शिक्के एकाच इमारतीत बसतात. मागच्या एका प्रवासात आम्ही क्वालालंपूरहून आलो होतो, बँकॉकची गाडी लागायची होती. बाबा फलाटाच्या कडेला जाऊन रूळ न्याहाळत उभे राहिले आणि एकदम म्हणाले, "अगं, ही तर मीटर गेज!" ज्या विजेच्या गाडीने आम्ही आलो ती ताशी १४० किलोमीटरने धावते, आणि तीही याच मीटरभर रुंदीच्या रुळांवर, हे कळल्यावर त्यांचा चेहरा बघायला हवा होता. आपल्याकडे जी लाइन उखडून टाकली तिच्यावर इतकं करता येतं, हे त्यांना त्या फलाटावर दिसलं.

हो, स्वस्त पडत नाही. हो, गुडघे दुखतात. पुढे?

गेले काही आठवडे घरात जे चाललंय ते कुठल्याही पॅकेजमध्ये मिळणार नाही. बाबांनी वही केली आहे. प्रत्येक गाडीपुढे स्थानिक वेळ आणि भारतीय वेळ, कारण थायलंडमध्ये शिरताना घड्याळ एक तास मागे आणि चीनमध्ये शिरताना एक तास पुढे. सिंगापूरचं वुडलँड्स ते मलेशियाचं जोहोर बाहरू शटल जेमतेम पाच मिनिटांची, पण दोन्ही देशांचं इमिग्रेशन चढण्याआधी वुडलँड्सलाच, म्हणून तिथे लवकर पोचायचं. थाई स्लीपरचा खालचा बर्थ रुंद असतो, तिकीट थोडं महाग, तो बाबांना. बँकॉकहून जुलै २०२४ पासून रात्रीची गाडी थेट लाओसच्या राजधानीला, व्हिएन्टिनला जाते, मेकाँग नदी ओलांडून. पण ती ज्या स्टेशनात सोडते ते वेगळं आणि चीनकडे जाणाऱ्या गाडीचं वेगळं, मधलं अंतर गाडी करून कापावं लागतं. म्हणून बाबांनी तिथे एक अख्खा मुक्काम टाकला. "कनेक्शन कधी चिकटून धरायचं नाही," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय.

शेवटचा टप्पा डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या लाओस-चीन लाइनचा. डोंगर, बोगद्यामागून बोगदा, आणि ब्रॉड नाही, मीटरही नाही, स्टँडर्ड गेज. बाबांनी आयुष्यात न पाहिलेला चौथा गेज! (सामानतपासणी कडक आहे. स्प्रे काढून घेतात. आंबे चिरायची सुरी घरीच राहणार, यावर दोन दिवस वाद झाला.)

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या माणसालाही रोज दहा देश बारा दिवसांत विकायचे असतात, त्याचं पोट आहे. पण म्हाताऱ्या माणसाला न विचारता त्याचं ठरवून टाकायचं, हे आपल्या घराघरांतून चालतं आणि मला ते सहन होत नाही. पदांग बेसारला थाई गाडीच्या गार्डपुढे बाबा छातीवर हात ठेवून "गार्ड, इंडिया" एवढंच म्हणाले होते. त्याने खाडकन सॅल्यूट केला. पाठोपाठ बाबांनी केला, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. त्यांना विमानात बसवलं असतं तर हे कुठे झालं असतं?

व्हिसाचा अर्ज आता मी स्वतःच भरतेय. तुमच्यापैकी कोणी व्हिएन्टिन-कुनमिंग केलं असेल तर कमेंटमध्ये सांगा: लाओसच्या सीमेवरचं बोतेन आणि चीनच्या बाजूचं मोहान, दोन्हीकडे सामान घेऊन उतरावं लागतं हे माहीत आहे, पण चालायचं किती, आणि लिफ्ट आहे का? बाबांनी वहीत तेवढी एक ओळ कोरी ठेवली आहे.