पवनेच्या काठी उणे दहा!

आज सोसायटीच्या ग्रुपवर एका बाबांनी फोटो टाकला. पाच वर्षांच्या लेकीसाठी स्लीपिंग बॅग, साडेसहा हजारांची, वर ठळक अक्षरांत ‘उणे १०’, म्हणजे उणे दहा अंश थंडीतही चालेल असा दावा. कशासाठी, तर शनिवारी एक रात्र पवनेच्या काठी तंबूत झोपायचंय! खाली धडाधड अंगठे आणि लगेच ‘लिंक द्या ना’. तिथे मी गप्प बसले. इथे नाही बसणार.

अहो, पवनेला उणे दहा आणणार कुठून? ऐन डिसेंबरात पहाटे दहा-बारा अंश, लाट आली तर थोडं खाली. त्या बॅगेत पोर घामाने भिजणार आणि मग ओल्या कपड्यांत कुडकुडणार.

आमच्या भाच्याचंच घ्या. सहा वर्षांचा. भंडारदऱ्याला ताईने त्याला माझ्या जुन्या, मोठ्यांच्या बॅगेत झोपवलं. पायाकडचा रिकामा भाग दुमडून वरून नाडी बांधली, कारण एवढ्या पोकळीत ऊब धरायला त्या चिमुरड्याच्या अंगात उष्णता असते किती? खाली फोमची मॅट, तिच्यावर घरची सतरंजी. पठ्ठ्या सकाळी पोहे झाले तरी उठेना. शेजारच्या तंबूत मात्र झकास महागडी बॅग आणि खाली नुसतं तंबूचं कापड. ते पोरगं रात्रभर रडत होतं. अंगाखाली दबलेलं अस्तर कितीही भारी असो, जमीन गारवा देतेच. पण मॅटचा फोटो कोण टाकतो?

आणि तो आकडा मुलांसाठी नसतोच! स्लीपिंग बॅगांचे आकडे ठरवणाऱ्या आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकात ‘कम्फर्ट’, म्हणजे आरामात झोप लागेल ते तापमान, ठरतं प्रौढ बाईवरून; ‘लिमिट’, म्हणजे अंग आखडून कशीबशी झोप लागेल ते, प्रौढ पुरुषावरून. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जेमतेम जीव वाचण्यापुरतं. लहान मुलांच्या बॅगा त्या मानकात येतच नाहीत. मग मुलांच्या बॅगेवर छापलेला आकडा आला कुठून, विचारा दुकानात.

असो. आईबापांवर मी चिडत नाहीये. पोर पहिल्यांदा उघड्यावर झोपणार म्हटलं की पोटात गोळा येतोच. त्या भीतीवर धंदा करणाऱ्यांचा राग येतो.

उत्तराखंडातल्या केदारकंठाला बर्फात नेणार असाल तर चांगली बॅग हवीच, मान्य.

एरवी हजार-दीड हजाराची सिंथेटिक बॅग घ्या. पिसांची नको. रात्री शू झाली की ती धुवायची आणि सुकवायची कशी? जास्त थंडी वाटली तर आत फ्लीसची शाल, पायात कोरडे मोजे. भंडारदऱ्यालाही भाच्याला याहून जास्त काही लागलं नव्हतं. गाडी तंबूपर्यंत जात असेल तर आजीची गोधडी न्या, बॅगेचं नावही नको. गड चढायचा असेल तर गोधडी जड होते, तेही खरं. अगदी तान्ह्या बाळाला मात्र असल्या बॅगेत घालूच नका, तोंडावर येते.

माझी जुनी बॅग माळ्यावर पडून आहे. शनिवारी कुणाला हवी असेल तर मेसेज करा, फुकट न्या आणि धुऊन परत द्या. मॅट मात्र स्वतःची घ्या, ती मी देत नाही.