'मस्करी केली रे' म्हणणाऱ्यांसाठी शब्द

आठवीत धडा मोठ्याने वाचताना 'आयलंड'चा उच्चार मी 'इसलंड' असा केला. वर्ग खिदळला. सरांच्या वरच्या ओठाचा एक कोपरा तेवढा उचलला गेला, आणि त्यानेच जास्त लागलं. दहावीपर्यंत माझं नाव 'इसलंड'च होतं.

फार उशिरा कळलं की या शब्दात मुळात 'एस' नव्हताच. लॅटिनच्या प्रभावाखालच्या पंडितांनी १६व्या शतकाच्या सुमाराला तो चुकून घुसडला. मी फक्त लिहिलं होतं तसं वाचलं होतं.

सरांच्या त्या ओठाला इंग्रजीत 'स्नीअर' म्हणतात, हेही नंतरच समजलं. शब्द सापडला आणि जीव हलका झाला. कारण तोवर घरीदारी एकच उत्तर मिळायचं, "अगं, चिडवतात, लक्ष नको देऊस."

पण सगळे चिडवणारे सारखे नसतात हो! 'टीझर' खोडी काढतो. हे क्रियापद मूळचं लोकर विंचरून तंतू सुटे करण्याचं, म्हणजे ओढाताण आलीच, पण धागा तुटत नाही. 'मिमिक' नक्कल करतो. 'हेकलर' भर सभेत बोलणाऱ्याला मध्येच टोकून नामोहरम करतो. 'हेकल' म्हणजे अळशीचे तंतू विंचरायची दातेरी फणी. 'स्कॉफर' प्रत्येक गोष्ट मोडीत काढतो. सार्कॅझम, म्हणजे बोचरा उपरोध, करणाऱ्याबद्दल तर ग्रीकांनीच सांगून ठेवलंय, त्या शब्दाच्या मुळाशी मांस ओरबाडणं आहे. सॅटायरिस्टला मात्र मी या रांगेत बसवणार नाही. जो सत्तेवर असलेल्यांची खिल्ली उडवतो तो वेगळा, आणि जो वर्गातल्या घाबरट पोरीची उडवतो तो वेगळा.

'बुली' हा शब्द १६व्या शतकात लाडाने हाक मारायला वापरत. आज त्याचा अर्थ पार उलटा, दुबळ्याला छळणारा असा झालाय, पण "आम्ही प्रेमानेच चिडवतो" म्हणणारे अजून भेटतात.

आपल्याकडेही थट्टा, टवाळी, कुचेष्टा, हेटाळणी अशी चढती भाजणी आहेच. पण आपण सगळ्यांवर 'मस्करी'चं पांघरूण घालतो, आणि ज्याला लागलं त्यालाच वर 'तुला गंमत कळत नाही' म्हणून ऐकवतो. मला याची मनापासून चीड आहे.

गेल्या महिन्यात लेक शाळेतून गप्प गप्प आली. मी 'लक्ष नको देऊस' म्हटलं नाही. विचारलं, "खोडी काढतो, नक्कल करतो, की तू रडलीस की अजून जोर चढतो त्याला?"

ती जरा वेळ दप्तराचा पट्टा पिळत राहिली. मग म्हणाली, "तिसरं."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले.