गृहीत धरणे म्हणजे मान्य करणे नव्हे

सोपाधिक सिद्धता म्हणजे एखादी गोष्ट तात्पुरती धरून ‘जर–तर’ विधान सिद्ध करण्याची तर्कशास्त्रातली रीत. तिच्याविषयी ‘सोपाधिक सिद्धतेत हवे ते गृहीत धरून तेच सिद्ध केल्याचा आव आणतात, हा चक्रक दोष आहे, अशाने काहीही सिद्ध होईल आणि आपल्या न्यायशास्त्राने (प्राचीन भारतीय तर्कपरंपरेने) ही पळवाट कधीच मानली नाही,’ असा मजकूर सध्या बराच फिरत आहे. त्यातले एकही विधान टिकत नाही.

चक्रक दोषात निष्कर्षच आधारविधान म्हणून वापरलेला असतो. इथे निष्कर्ष ‘जर प, तर फ’ असा असतो आणि गृहीत धरले जाते ते फक्त ‘प’. ‘क्ष सम असेल तर क्षचा वर्गही सम असतो’ हे दाखवताना क्ष = 2म असे धरले, की वर्ग 4म², म्हणजेच 2(2म²) येतो. क्ष खरोखर सम आहे, असा दावा यात कुणीच केलेला नाही. पाठ्यपुस्तकात गृहीतकापासून निघणारा बाण त्याच्या व्याप्तीच्या, म्हणजे ते जिथवर लागू असते त्या ओळींच्या, शेवटी वळवून बंद केलेला असतो, तो याचसाठी. त्याखालच्या ओळीत ‘जर–तर’ विधान येते आणि बाणाच्या आतली एकही ओळ पुढे वापरता येत नाही.

काहीही सिद्ध होईल, ही भीतीही फोल आहे. 7 ही संख्या सम आहे असे खुशाल धरा. हाती लागेल ते एवढेच, की 7 सम असती तर 49 सुद्धा सम असती. हे विधान खरे आहे आणि त्याने 7 सम होत नाही. धोका असलाच तर निराळ्या जागी आहे: बाण बंद होण्याआधीच ‘क्ष सम आहे’ यावरून ‘सर्व संख्या सम आहेत’ असे सामान्यीकरण केले, तर सिद्धता खरोखरच कोसळते, आणि म्हणूनच नियमाने ती वाट बंद केलेली आहे. शिवाय गृहीतक वापरून जे मिळते ते नेहमीच्या स्वयंसिद्धक पद्धतीत, म्हणजे ठरावीक मूळ विधानांवरूनच सारे सिद्ध करण्याच्या पद्धतीत, गृहीतकावाचूनही मिळवता येते, हे फ्रेंच गणिती एर्ब्राँ यांनी 1930 मध्येच दाखवले होते. गेंटझेन आणि यास्कॉव्स्की या तर्कशास्त्रज्ञांनी 1934 च्या सुमारास, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गृहीतकालाच सिद्धतेच्या नियमांत स्थान दिले.

राहिला न्यायशास्त्राचा मुद्दा. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रह या न्यायग्रंथात तर्काची व्याख्याच मुळी व्याप्याच्या आरोपावरून व्यापकाचा आरोप अशी आहे, म्हणजे एक गोष्ट (व्याप्य) धरली की तिच्यासोबत नेहमी असणारी दुसरी (व्यापक) धरावी लागणे, आणि उदाहरण आहे ‘अग्नी नसता तर धूरही नसता’. नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या अभ्यासकांनी, तर्काला स्वतंत्र प्रमाण (ज्ञानाचे साधन) मानले नाही, हे खरे, आणि हे उदाहरण अप्रत्यक्ष सिद्धतेच्या, म्हणजे उलट धरून विसंगती दाखवण्याच्या रीतीच्या, अधिक जवळचे आहे, हेही खरे; परंतु न मानलेली गोष्ट क्षणभर धरून पुढचे पाहणे त्यांना वर्ज्य होते, असे म्हणायला आधार उरत नाही.