लांबी थापून गंज मरत नाही!

बास झालं आता! जुन्या प्रीमिअर पद्मिनीचा रंग खरवडायला घेतला की दर गाडीला तेच. वरून आरशासारखी चकाकी आणि खाली लांबी, म्हणजे पत्र्यावर थापायची पुट्टी. मडगार्डच्या कमानीवर लांबी, दारांच्या खालच्या कडेला लांबी, दाराखालच्या सिलवर तर अर्धा-अर्धा इंच लांबी. ती छिनीने उडवली की मागे काय निघतं? भुगा झालेला पत्रा, त्यावर पॉप रिव्हेटने ठोकलेला डब्याचा तुकडा, भोक बुजवायला कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा आणि वरून एम-सील. या कामाला बिलावर ‘फुल रिस्टोरेशन’ लिहायची हिंमत होते तरी कशी?

अशा गाड्या लोक हौसेने घेतात. आजोबांची गाडी असते, वडिलांना ती परत रस्त्यावर बघायची असते, पोरं रविवारी पान्हे घेऊन तयार असतात. सगळं घर वर्षभर राबणार असतं. आणि पायाच सडका निघतो, कारण आधीच्या कुणीतरी गंजावर लांबी फासून गाडी विकलेली असते. घरच्यांचे पैसे गेले, वर्ष गेलं, उत्साह गेला. याचा मनस्वी संताप येतो.

लांबी म्हणजे काय हे एकदा नीट समजून घ्या. पॉलिएस्टर रेझिन आणि त्यात कालवलेली टाल्कची पूड. हार्डनर घातला की ती कडक होते, पण ओल शोषायची सोडत नाही. मागून भोक असलेल्या पत्र्यावर ती थापली की चाकाने उडवलेलं पाणी मागच्या बाजूने लांबीत शिरतं आणि तिथेच मुरतं. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूच्या कितीतरी पट जागा घेतो, म्हणजे आतून फुगतो आणि लांबीला ढकलतो. एका पावसाळ्यात रंगाला फोड येतात, दुसऱ्यात लांबीची खपली हातात येते. गिऱ्हाईक परत गेलं की उत्तर ठरलेलं: “काय करणार साहेब, यंदा पाऊस फार झाला.” पाऊस नाही हो! पत्रा कापायचा कंटाळा, हे खरं कारण!

लांबीशी वैर नाही. ठोकून सरळ केलेल्या, साफ पत्र्यावर, आधी इपॉक्सी प्रायमर मारून, वरून दोन, फार तर तीन मिलिमीटर लांबी. हे तिचं काम. उरलेली लहर बुजवायची. भोक बुजवायचं नाही.

आणि पद्मिनीत हा प्रकार केवळ दिसण्यापुरता नाही, म्हणून जास्त राग येतो. या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. फ्लोअर, सिल, खांब, छत मिळूनच तिची ताकद. सिल सडलं म्हणजे कणा सडला. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) जिथे बॉडीला बसतात तिथला पत्रा गेला, तर खड्ड्यात चाक आदळल्यावर पाट्याचं टोक डिकीत घुसू शकतं. तिथेही लांबी आणि वर काळं डांबर फासलेलं सापडतं. त्या गाडीत मागच्या सीटवर मुलं बसणार असतात, एवढं तरी डोक्यात यायला नको?

त्यामुळे गाडी घेताना रंगाकडे बघूच नका. फ्रिजवर लावतात तसं चपटं, हलकं चुंबक घ्या, मऊ कापडात गुंडाळा, आणि मडगार्डच्या कडा, दारांचा खालचा वीतभर भाग, सिल, डिकीचा तळ असं फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी जाड आहे. बोटाच्या पेराने वाजवा, पत्रा टणटणतो आणि लांबी ठप्प आवाज देते. मग पुढच्या दोन्ही सीटसमोर, पाय ठेवायच्या जागी, रबरी मॅट उचला. तिच्याखालचं ज्यूटचं फेल्ट पाणी पितं आणि महिनोन्‌महिने ओलं राहतं, म्हणून तिथला फ्लोअर सगळ्यात आधी जातो. खालून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. मालक “अहो, रंग जाईल” म्हणून अडवत असेल तर तिथून निघा. दाराची खालची घडीही अंगठ्याने दाबा. आत ओलसर तपकिरी पापुद्रे कुरकुरतात आणि पाणी जायच्या भोकातून भुगा गळतो. ती भोकं रंगाने बुजवलेली असतात! पाणी बाहेर पडावं म्हणून कंपनीने ठेवलेली भोकं, आणि पेंटर ती रंगवून बंद करतो. पुढच्या काचेच्या रबर बीडिंगचे खालचे दोन कोपरे आणि बॅटरीखालचा ट्रेही सोडू नका.

आता सिलचं बघू, कारण सगळ्यात जास्त गाड्या तिथेच मारल्या जातात. घाईने दोन्ही बाजूंची सिलं एकदम कापतात, गाडी मधोमध खचते, आणि मग दारं बसत नाहीत म्हणून बिजागऱ्या वाकवतात. कापायच्या आधी गाडी सपाट जमिनीवर, सस्पेन्शनजवळच्या मजबूत जागी चार स्टँड लावून टेकवा. मधे सिलखाली जॅक नको. पुढच्या खांबापासून मधल्यापर्यंत आणि मधल्यापासून मागच्यापर्यंत २५ मिलिमीटरची चौकोनी पाइप टाके मारून जोडा. दाराच्या चौकटीचे कर्ण टेपने मोजा आणि ते आकडे मास्किंग टेपवर लिहून खांबालाच चिकटवा. मग एकाच बाजूचं सिल कापा. मधेमधे दार टांगून फट बघत राहा. दाराची वरची कड घासायला लागली तर गाडी मधे बसते आहे, काम थांबवा. एक बाजू पूर्ण वेल्ड होऊन थंड झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. याला दिवस लागतात. ज्याला घाई आहे त्याने हे काम घेऊच नये.

गंज दिसतो तिथेच कापू नका, चकचकीत पत्रा लागेपर्यंत, म्हणजे आणखी निदान इंचभर पुढे जा. फ्लोअरला १८ गेजचा आणि बाहेरच्या अंगाला २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा. छपराचा जीआय पत्रा स्वस्त पडतो म्हणून लावणाऱ्यांना काय म्हणावं! त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगमध्ये जळतो, जोड पोकळ येतो आणि तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. साध्या आर्क वेल्डिंगने हा पत्रा भोकाभोकाचा होतो, गॅस वेल्डिंगने पापडासारखा वाकतो. सीओटू (मिग) वेल्डिंग, ०.८ मिलिमीटरची तार, एकेक टाका. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा विरुद्ध टोकाला. हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या, मग मधल्या जागा भरा. सलग रेघ ओढली की पॅनेल लाटांसारखं होतं, आणि त्या लाटा झाकायला परत लांबी! पत्र्यावर पत्रा चढतो तिथे आतून झिंक प्रायमर मारल्याशिवाय जोडू नका. वेल्डिंगआधी बॅटरी सोडा, फेल्ट आणि सीट बाहेर काढा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. रिकाम्या टाकीला तर ठिणगी दाखवूच नका. पेट्रोल संपलं तरी वाफ असते आणि स्फोट वाफेचाच होतो.

रेड ऑक्साइडवरून, म्हणजे त्या स्वस्त लाल प्रायमरवरून, तर वेगळं भांडण आहे. पत्रा उघडा केला, रेड ऑक्साइडचा एक हात मारला आणि गाडी चार महिने अंगणात. तो थर पाणी अडवत नाही, खालून गंज सुरू होतो आणि वरून सगळं छान लाल दिसतं. साफ पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत उघडा पत्रा काही तासांत पिवळसर होतो, त्यामुळे संध्याकाळपर्यंत प्रायमर बसेल तेवढाच भाग सकाळी उघडा. फॉस्फरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर खड्ड्यांतल्या बारीक गंजाला ठीक, पण खपल्या आधी खरवडायला हव्यात, आणि नंतर उरलेलं ॲसिड पुसून-धुऊन पत्रा पूर्ण सुकवायला हवा, नाहीतर प्रायमर सालासारखा निघतो. छत आणि बॉनेटवर जोरात सँडब्लास्टिंग करून घेऊ नका, मोठा सपाट पत्रा ताणून वाकडा होतो. सस्पेन्शनच्या जाड भागांना चालेल. सगळं झाल्यावर सिलच्या पोकळीत नळीने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण, सोडा. जळकं इंजिन ऑइल ओतायची जुनी खोड सोडा, त्याने रबरं फुगतात आणि ते पुढे सगळीकडे झिरपतं.

आणि घरातल्या मोठ्यांनो, “आधी रंग करून टाकू, मुलांना बरं वाटेल” हे म्हणणं बंद करा. १०८९ सीसीचं ते इंजिन थांबेल. प्लगच्या भोकांतून थोडं तेल सोडून ठेवा, काही दिवसांनी हाताने फिरवून बघा. क्रोम थांबेल, अपहोल्स्टरी थांबेल. पत्रा थांबत नाही. मुलांना खरं काम द्या: प्रत्येक बोल्ट सुटा झाला की झिपच्या पिशवीत, पिशवीवर जागेचं नाव, काढायच्या आधी फोटो. ते मुलं मोठ्यांपेक्षा नीट करतात. ग्राइंडर आणि वेल्डिंगपासून त्यांना लांब ठेवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासायचं ते पाणी लावून, मास्क घालून, आणि तेही मोठ्यांनीच.

अजून एक. काढलेल्या क्रोमच्या पट्ट्या, हँडलं, ग्रिल ‘नवीन मिळतं की’ म्हणून भंगारात घालणाऱ्यांचा हात धरा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात दुसरं मिळेलही, पण ते आधीच कुणीतरी वाकवलेलं असेल. वाकलेलं मूळ बंपर सरळ करून आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम असे तिन्ही थर चढवून घ्या. तांबं-निकेल गाळणाऱ्याचं क्रोम पहिल्याच पावसात टिपके धरतं.

ही गाडी कुर्ल्यात बनायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. नवीन एकही येणार नाही. आहेत त्या लांबीखाली कुजवणाऱ्या गॅरेजला पुढचा हप्ता देण्याआधी एवढंच करा: उघड्या पत्र्याचे फोटो मागा. चारही मडगार्ड, दोन्ही सिलं, फ्लोअर वरून आणि खालून, पाट्यांच्या जागा. कापल्यावर एकदा, वेल्ड झाल्यावर एकदा, प्रायमर मारल्यावर एकदा. फोटो नाहीत तर पैसे नाहीत. आणि लांबी लावायच्या दिवशी स्वतः तिथे जाऊन उभे राहा, चुंबक खिशात घेऊन.