बंदी घाला, बंदर उघडं ठेवा

तुमच्याकडे एखादं जुनं, नावाजलेलं तणनाशक आहे, आणि आता आपल्याच देशात ते विकता येत नाही म्हणून तोंड पाडून बसलात? उठा. पॅराक्वाटकडे बघा आणि शिका.

१९६२ साली बाजारात आलेलं हे रसायन तणाचा हिरवा भाग काही तासांत जाळतं, झाडाच्या तपकिरी खोडाला धक्का लावत नाही, आणि मातीवर पडलं की तिच्या कणांना घट्ट चिकटून निष्क्रिय होतं. मळेवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं यात नवल नाही. उणीव एकच: उतारा नाही. फवारणाऱ्याच्या अंगात गेलं तर ते फुफ्फुसांत साठतं, आणि धापा टाकणाऱ्याला प्राणवायू लावावा तर इजा उलट वाढू शकते. ही गोष्ट जाहिरातीत घेऊ नका. लेबलवर असते की, बारीक अक्षरांत.

तर पहिलं काम, आपल्या घरात बंदीचं स्वागत करा. स्वीडननं १९८३ साली बंदी घातली, स्वित्झर्लंडनं १९८९ साली. युरोपीय संघानं २००३ साली या रसायनाला दार उघडलं, तर स्वीडन कोर्टात गेला आणि २००७ साली ती मंजुरी रद्द करून आला. घाबरलात? अहो, बंदी वापरावर होती, बनवण्यावर नव्हे. सिंजेंटा या उत्पादक कंपनीच्या इंग्लंडातल्या हडर्सफील्डच्या कारखान्यातून माल पुढेही जहाजांवर चढतच राहिला. कंपनीचं मुख्यालय बाझलला, म्हणजे बंदी घालणाऱ्या स्वित्झर्लंडातच. २०१७ साली ती एका चिनी सरकारी कंपनीनं विकत घेतली, आणि त्याच चीननं आदल्याच वर्षी आपल्या शेतकऱ्यांना द्रवरूप पॅराक्वाट विकणं थांबवलं होतं. निर्यातीसाठीचं उत्पादन? ते चालू. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

आता भाषा सुधारा. ‘विष’ हा शब्द तोंडातून काढून टाका, ‘पीक संरक्षण’ म्हणा. मजूर आजारी पडला तर ‘चुकीचा वापर’ म्हणा. भर उन्हात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, पाठीवर गळका पंप घेऊन त्यानं रबरी हातमोजे, गॉगल आणि एप्रन का घातला नव्हता, याची चौकशी करा. पंप का गळत होता, हा प्रश्न आपल्या खात्यातला नाही.

घातक रसायनांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या रॉटरडॅम कराराचीही धास्ती नको. २००४पासून लागू असलेला हा करार बंदी घालत नाही. यादीतलं रसायन पाठवण्याआधी समोरच्या देशाची संमती विचारा, इतकंच तो म्हणतो. एवढंसुद्धा जड वाटत असेल तर रसायन यादीत शिरूच देऊ नका. बुर्किना फासोनं आपल्या शेतकऱ्यांना झालेली विषबाधा दाखवून पॅराक्वाटचं तीव्र द्रावण पुढे केलं, तज्ज्ञ समितीनंही मान डोलावली. पण यादीत नाव घालायला सर्वांचं एकमत लागतं. २०१३ साली ग्वाटेमाला, भारत अशा मोजक्या देशांनी नकार दिला आणि विषय पुढच्या परिषदेवर गेला. मग त्याच्या पुढच्या. दीडशेहून अधिक देशांना थोपवायला एक हात पुरतो, तेव्हा मैत्री कुणाशी करायची ते तुम्हीच ठरवा.

दक्षिण कोरियाचं नाव मात्र बैठकीत निघू देऊ नका. तिथे २०१२ साली बंदी आली, कीटकनाशकांनी होणारे मृत्यू घटले, आणि पिकं बुडाली नाहीत. असली उदाहरणं धंद्याला मारक.

कधी कधी बंदरावरही कुलूप पडतं, हे खरं. २०२१पासून स्वित्झर्लंडनं पॅराक्वाटसह पाच रसायनांची निर्यात थांबवली. पण फ्रान्सकडून धीर घ्या. बंदी असलेल्या कीटकनाशकांची निर्यात तिथे २०२२पासून अडवली गेली, आणि कायद्याच्या शब्दांतून शुद्ध सक्रिय घटक, म्हणजे मूळ रसायन, तेवढा निसटला. तेव्हा बाटल्या भरत बसू नका, पिंपं भरा. पाणी पलीकडे गेल्यावर घालता येतं.