आपली पायरी

माणसानं आपली पायरी ओळखून राहावं, असं आमचे वडील उठता-बसता सांगायचे. मला ती ओळखायला 75 वर्षं लागली. आता मात्र साताऱ्यातल्या बऱ्याचशा पायऱ्या मी तोंडपाठ सांगू शकतो. बँकेच्या चार, त्यातली तिसरी फसवी. दवाखान्याच्या सहा, कठडा एकाच अंगाला, म्हणजे चढताना सोयीचा आणि उतरताना नुसता बघायला. आणि आमच्या इमारतीच्या 51.

लिफ्ट नाही. 1987 साली फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डर पहिल्या मजल्यावरचा देत होता. मीच म्हटलं, तिसरा द्या. वारा येतो, गॅलरीतून अजिंक्यतारा दिसतो. वारा अजून येतो. अजिंक्यताराही जागच्या जागी आहे. त्या काळी गॅसची टाकी मी खांद्यावरून वर न्यायचो. आत गॅसच 14.2 किलो, लोखंड वेगळं. वर गेल्यावर शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं ती आपटायचो. आता कोथिंबिरीची जुडी घेऊन निघालो तरी दुसऱ्या मजल्यावर मुक्काम पडतो. दमलोय असं दिसू नये म्हणून मी समोरच्या दारावरची पाटी वाचत उभा राहतो. गेली तीन वर्षं तीच पाटी वाचतोय. त्या घरच्यांना वाटतं, आजोबांचं काहीतरी काम असावं. ते दार उघडतात, आत बोलावतात, चहा देतात. त्यांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी माझ्यासमोर झाली. मुलाकडच्यांना मी कोण ते अजून नीट कळलेलं नाही.

दुखणं उजव्या गुडघ्याचं. सुरुवात आवाजानं झाली. उठताना कट, बसताना कट. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात 36 वर्षं काढल्यामुळे कुरकुर ऐकायची मला सवय होती. पण तिथे कुरकुर करणाऱ्याची बदली करता यायची. मग पायऱ्या उतरताना कळ यायला लागली, मग थंडीत सकाळी गुडघा आखडायला लागला, आणि एके दिवशी हिनं मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "काका, गॅप कमी झालीय." हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं म्हणे. ते झिजलं की दोन हाडं एकमेकांच्या जवळ येतात. मुलगा पुण्याला लांब राहायला गेला, हाडं तेवढी जवळ आली.

"मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जिने टाळायचे," डॉक्टर म्हणाले.

"मग घरी कसा जाऊ?"

त्यांनी पुढचा पेशंट आत बोलावला.

वडिलांचं आणखी एक आवडतं वाक्य होतं: "या कार्ट्याची अक्कल गुडघ्यात आहे." तिथे झीज झाल्याचं आता छापील रिपोर्टात आलंय. गुडघ्याला घालायचा पट्टा आणला, तर ही म्हणाली, "या वयात गुडघ्याला बाशिंग?" लग्नाला 49 वर्षं झाली, पण असे चेंडू ती अजून सोडत नाही. आणि तिला बोलायचा काही अधिकार नाही, कारण तिचा डावा गुडघा गेलाय. दोघांत मिळून दोन गुडघे चांगले आहेत, एवढ्या भांडवलावर संसार चाललाय. रस्त्यानं चालताना ती माझ्या डावीकडे असते, म्हणजे दोघांचे धडके पाय आतल्या बाजूला येतात आणि दुखरे बाहेर. समोरून बघणाऱ्याला आम्ही तीनचाकी टेम्पोसारखे दिसत असणार.

उपाय सांगणाऱ्यांचा मात्र तुटवडा नाही. ज्यांना स्वतःचं लाइट बिल भरायचं आठवत नाही, त्यांना निर्गुंडीच्या पाल्याचा शेक किती दिवस घ्यायचा हे आकड्यांसह आठवतं. एरंडाचं पान बांधा. मेथ्या भिजवून खा. भिजवून नको, मोड आणून खा. तिळाचं तेल कोमट करून लावा. कोमट नको, गार. डिंकाचे लाडू. हा एकच उपाय मी निष्ठेनं केला. परिणामी वजन 79 वरून 82 झालं. तेव्हा फिजिओथेरपीच्या मुलीनं शांतपणे सांगितलं की आजोबा, एक किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं उतरतो. मी हिशेबातला माणूस. घरी येईपर्यंत उलटी बेरीज करत आलो. तीन किलोचे बारा, गुणिले पावलं. जिन्यात पोचेपर्यंत काही टन डिंक झाला होता.

ही मुलगी माझ्या नातीच्या वयाची, पण शिस्त लष्करी. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, गुडघ्यानं ती दाबायची, दहा आकडे मोजायचे, सोडायचं. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याला आराम. हे पटतं आणि उपयोगही होतो, पण पलंगावर पडून टॉवेल दाबणारा माणूस घरच्यांना काम करतोय असं वाटत नाही. हिनं दोनदा त्या अवस्थेत मला लसूण सोलायला दिला. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, हेही त्या मुलीनंच शिकवलं. उजवा गुडघा दुखतो, म्हणून काठी डाव्या हातात. हे शास्त्र आहे, पण राजवाड्यावर रोज निदान एकजण तरी थांबवून सांगतो, "काका, काठी चुकीच्या हातात धरलीय." पूर्वी मी समजावून सांगायचो. आता सरळ हात बदलतो, तो दिसेनासा झाला की परत बदलतो.

ऑपरेशनचं म्हणाल तर डॉक्टर दर खेपेला विषय काढतात. म्हणजे बदलीची सोय इथेही आहे. 2017 साली सरकारनं कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीला कमाल मर्यादा घातली तेव्हा मला भरूनच आलं होतं. उमेदीत रेशनच्या साखरेच्या रांगेत उभा होतो, आता गुडघाही सरकारी भावात. पण मी अजून 'विचाराधीन' असा शेरा मारून ती फाइल बाजूला ठेवलीय. आमच्या खात्यात या शेऱ्यावर फायली निवृत्तही झाल्यात.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझा वाईचा प्रवास.

2022 च्या ऑगस्टपासून आपल्या राज्यात 75 पूर्ण केलेल्यांना एसटी फुकट आहे. मी त्या दिवसाकडे डोळे लावून होतो. माझी जन्मतारीख 1 जून. म्हणजे शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली. आमच्या वर्गात निम्मी मुलं 1 जूनला जन्मली होती. आई सांगायची, तू पौषातला, कडाक्याच्या थंडीतला. पण महामंडळ आईचं ऐकत नाही, गुरुजींचं ऐकतं. असो. 1 जून उजाडला, पंचाहत्तरी झाली, महाराष्ट्रभर कुठेही फुकट फिरायचा परवाना मिळाला, आणि तेव्हा ध्यानात आलं की एसटीची पहिली पायरी बरोबर माझ्या गुडघ्याच्या उंचीची आहे. सरकारनं तिकीट माफ केलं, पायरी नाही.

वाईला दादाचं सहस्रचंद्रदर्शन होतं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मुलगा म्हणाला, "बाबा, गाडी पाठवतो." मी म्हटलं, फुकट असताना गाडी कशाला?

स्टँडवर वाईची गाडी लागली आणि गर्दी दाराशी गेली. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, असा नियम आहे. मी डावा पाय वर ठेवला, दांडा धरला. आता उजव्यानं वर यायचं. उजवा आला नाही. मी अर्धा एसटीत, अर्धा सातारा स्टँडवर. मागून एक बाई ओरडल्या, "चढा की वो आज्जा, का मुहूर्त बघताय?" मग कोणीतरी माझ्या कमरेखाली खांदा लावला आणि गुळाची ढेप चढवावी तसं मला आत लोटलं. कोण होता ते बघायला वळता आलं नाही. जो कोणी असेल त्याचं भलं होवो. खांदा मात्र टोकदार होता.

आत उभ्या उभ्या तोल सावरतोय तोवर कंडक्टर आला. "आजोबा, आधार?"

इतक्या आपुलकीनं कोणी विचारलं की नाही म्हणवत नाही. मी हात पुढे केला. त्यानं हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आधार कार्ड ओ!"

मला शून्य रुपयांचं तिकीट मिळालं, हिला अर्धं. पाचवडपर्यंत ती त्या अर्ध्या तिकिटावरून बोलत होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे गेलेल्या गुडघ्यांची संख्या समान असताना तिला अर्धं लावणं हा अन्याय आहे.

दादाचा वाडा जुना. उंबरठा असा की पूर्वी पुराचं पाणी अडवायला बांधला असावा. आत 70 च्या खालचं फारसं कोणी नव्हतं. अशा मेळाव्यात पहिली अडचण नमस्काराची. प्रत्येकाला कोणी ना कोणी वडीलधारं होतंच, आणि वाकायची ताकद कोणातच नव्हती. हात निघायचा समोरच्याच्या पायाकडे. गुडघ्याच्या उंचीला आला की तिथूनच आपला गुडघा चोळून परत यायचा. समोरचा तेवढ्यात "असू दे, असू दे" म्हणायचा. हे 'असू दे' आम्ही लहानपणी नम्रता समजत होतो. औक्षण करताना दादाला पाटावर बसवायचं की खुर्चीवर, यावर वहिनींनी गुरुजींना विचारलं. गुरुजींनी ताबडतोब खुर्चीला मान्यता दिली, आणि एक स्वतःसाठीही मागितली. धोतरातून त्यांचा पट्टा मला दिसला. आमची नजरानजर झाली. दोघंही काही बोललो नाही.

जेवायला टेबल-खुर्च्या बाराजणांपुरत्या आणि उमेदवार चाळीस. मी संगीत खुर्ची शाळेत असताना शेवटची खेळलो होतो. तेव्हा खुर्ची मिळाली नाही तर बाजूला उभं राहायचं असायचं. इथे खाली मांडी घालून बसायचं होतं. मी काठी एका खुर्चीवर ठेवून हात धुवायला गेलो. आलो तर काठी भिंतीला आणि खुर्चीवर नागपूरचे व्याही. ते म्हणाले, "माझे दोन्ही गेलेत." यावर काय बोलणार?

जेवणानंतरचा प्रसंग खरं तर सांगू नये. वाड्यात शौचकूप देशी. बसणं हा प्रश्न नसतो, त्याला पृथ्वी मदत करते. उठायच्या वेळी मी आसपास बघितलं, धरण्यासारखा फक्त नळ होता. मी नळाचा आधार घेतला. जोर केला. मी वर आलो, आणि नळही माझ्याबरोबर वर आला. पुढचा अर्धा तास वाड्यात जी धावपळ झाली त्यात मी जातीनं भाग घेतला आणि "हे जुने नळ असेच" असं दोन-तीनदा म्हणालो. वहिनी काही म्हणाल्या नाहीत. माझी विजार गुडघ्यापर्यंत ओली होती.

संध्याकाळी दादा म्हणाला, "बाळ, चल, घाटावर जाऊन येऊ." 75 वर्षांच्या माणसाला बाळ म्हणणारं आता हे एकच माणूस उरलंय, त्यामुळे त्याला नाही म्हणत नाही.

कृष्णेला पाणी बेताचं होतं. ढोल्या गणपतीला बाहेरूनच हात जोडले. हे देऊळ रास्त्यांनी 1762 साली बांधलं. पुराचं पाणी दोन्हीकडे फाटून जावं म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची केलीय. इतका पुढचा विचार करणाऱ्या माणसानं घाटाला कठडा मात्र ठेवला नाही. आणि मूर्ती केली ती बसलेली. अडीचशेहून जास्त वर्षं बसलाय, आणि त्याला कोणी 'ऊठ' म्हणत नाही.

लहानपणी आम्ही या पायऱ्यांवरून धावत थेट पाण्यात उड्या मारायचो. किती पायऱ्या आहेत ते तेव्हा मोजलं नव्हतं. आज वरच्या वरच एका पायरीवर दोघं बसलो. बसलो म्हणजे शेवटचे सहा इंच सोडून दिले. बरं वाटलं. दादानं वडिलांचे विषय काढले, आंब्याच्या झाडावरून कोण पडलं होतं त्यावर वाद झाला. (तोच पडला होता.) दिवे लागायची वेळ झाली.

"ऊठ आता," दादा म्हणाला.

"तू आधी. थोरला तू."

"अरे, तू तरुण आहेस."

मग हातात हात घालून एकदम उठायचं ठरलं. पण माझा डावा चांगला आणि त्याचाही डावाच चांगला. दोघं मिळून डावीकडे कललो आणि परत होतो तिथे बसलो. दुसऱ्या खेपेला तेवढंही झालं नाही.

तेवढ्यात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचा बॉल आमच्या पायांशी आला. एक दहा-बारा वर्षांचा मुलगा धावत आला, बॉल उचलला, आमच्याकडे जरा बघत राहिला आणि म्हणाला, "आजोबा, उठवू का?"

"छे छे," दादा म्हणाला. "आम्ही हवा खात बसलोय."

पोरगा गेला. नदीवर अंधार पडायला लागला. बराच वेळ दादा काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "बाळ, बॉल परत इकडे येईल ना रे?"