हॅपी गाणी नकोत, मारवा लाव

गेल्या पावसाळ्यात माझा डावा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर. ज्यांना झालाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना झाला नाही त्यांना सांगून कळत नाही. वेणी घालता येईना, वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. दिवस कसातरी जायचा, पण रात्री कूस बदलली की कळ थेट बोटांपर्यंत. चार महिने झोप नाही म्हटल्यावर माणसाचं जे होतं तेच माझं झालं. कुकरच्या शिट्टीवरही चिडायचे.

लेक बंगळुरात. तिने काळजीपोटी फोनवर गाण्यांची एक यादी पाठवली. नाव, ‘हॅपी वाईब्ज’. "आई, रोज सकाळी लाव, मूड एकदम छान होतो." लावली. तिसऱ्या गाण्याला फोन उशीखाली कोंबला. गाणी वाईट नव्हती हो, पण पोटात दुखतंय आणि समोर कुणी पुरणपोळीचं ताट वाढून ‘खा, खा’ करतंय, असं झालं. माझी अवस्था काय आहे याची त्या गाण्यांना काही पडलेलीच नव्हती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय, आणि ते इथे भांडायच्या तयारीनेच लिहितेय. मन खाली गेलेलं असताना आनंदी गाणी लावा, हा सल्ला चुकीचा आहे. मन वर काढणारं संगीत आनंदी असावंच लागत नाही. ते आधी आपल्यापाशी येऊन बसावं लागतं.

माझ्यापाशी राग मारवा बसला. पहाटे तीन वाजता, उस्ताद अमीर खाँसाहेबांनी गायलेला. (सूर्यास्ताचा राग पहाटे ऐकते म्हणून जाणकारांनी रागावू नये. दुखणं प्रहर विचारून येत नाही.) मारव्याची गंमत अशी की त्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि ज्या षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, एरवी सगळे राग घरी येऊन टेकतात, तिथे हा टेकायलाच तयार नसतो. रिषभावर थांबतो, धैवतावर थांबतो, सा नुसता हुलकावणी देत राहतो. ऐकणारा आतून अस्वस्थ. मला वाटलं, हा माझाच खांदा गातोय, कुठल्याच कुशीवर टेकता येत नाही. आणि मग, किती वेळाने कोण जाणे, तो सा लागतो. त्या एका सुरावर मी जी रडले, ती चार महिन्यांत पहिल्यांदा. नंतर झोप लागली. खांदा तसाच दुखत होता, तरी लागली.

मग विचार करत बसले की झालं काय नेमकं. तीनतालाच्या सोळा मात्रा घ्या. गायक तान घेऊन कुठल्या कुठे गेलेला असतो, आपण मांडीवर बोटं मोजत असतो, आता चुकतो की काय, आणि तो नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन उतरतो. मैफलीत ‘वाहवा’ जाते ती समेवर. पण मजा सुरू झालेली असते चार मात्रा आधीच, वाट बघताना. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली हेच मेंदूत पाहिलं. अंगावर काटा आणणारं आवडीचं संगीत ऐकताना डोपामाइन हे मेंदूतलं सुखाशी जोडलेलं रसायन स्रवतं, आणि ते ऐन क्षणीच नाही, तो क्षण येणार या अपेक्षेतही, मेंदूच्या वेगळ्या भागात. आमच्याकडे सतरंजीवर मान डोलावणाऱ्या म्हाताऱ्यांना हे मशीनशिवाय ठाऊक होतं, एवढंच.

आता दुसरी गोष्ट. ऐकणं वेगळं आणि गाणं वेगळं. शेजारच्या वैनी एका गुरुवारी मला ओढूनच भजनाला घेऊन गेल्या. मी म्हटलं, "वैनी, माझा हात वर होत नाही." त्या म्हणाल्या, "वर कशाला करायचा? टाळ पोटाशीच वाजवतात." आणि दोरी विरलेली, पितळ काळं पडलेली टाळांची जोडी माझ्या हातात दिली. महिला मंडळाचं भजन तुम्ही ऐकलंच असेल. सूर जरा इकडेतिकडे, पेटीवाल्या काकू सगळ्यांच्या अर्धी मात्रा पुढे. सुरुवात इतकी संथ की जांभई येते. ‘जय जय राम कृष्ण हरी’, पुन्हा तेच, पुन्हा तेच. लय कुणी वाढवते असं दिसत नाही, ती वाढते. अर्ध्या तासाने बघते तर माझे टाळ छातीपर्यंत आले होते आणि मी ओरडून गात होते. (खांदा भजनाने बरा झाला असं कुणी पसरवू नका. फिजिओथेरपीनेच झाला, आणि त्यालाही नऊ महिने लागले.) स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या २०१३ च्या अभ्यासात समूहाने गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एकत्र वरखाली होताना दिसले, कारण एका ओळीला सगळ्यांचा श्वास एकाच वेळी सुटतो. आमच्या मंडळात पेटीवाल्या काकूंचं काय होत असेल, देव जाणे.

जात्यावरच्या ओव्या आठवा. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगाव फिरून त्या जमवल्या, लाखाच्या वर भरल्या. त्यात सासुरवास आहे, माहेरची ओढ आहे, नशिबाला बोल लावणं आहे. ‘हॅपी’ म्हणावं असं फार थोडं. तरी बायका अंधारात उठून तेच गात दळायच्या.

आणि मिरवणुकीतल्या त्या डीजेच्या भिंती? त्याने छाती हलते हे खरं. छाती रिक्षा खड्ड्यात गेल्यावरही हलते.

मी मिरजेची. इथे मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन अब्दुल करीम खाँसाहेबांचं दुखणं गेलं, अशी कथा घरोघरी सांगतात. खरी-खोटी मला माहीत नाही, पण आजही उरुसाला गवई तिथे हजेरी लावतात. सतारमेकरांच्या गल्लीतून भाजीला जाताना मी हल्ली मुद्दाम थांबते. परवा एकजण तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तारेचा झंकार खुलवत होते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीला कानस लावायची, फुंकर मारायची, तार छेडायची. आवाज बोदा. पुन्हा कानस. मग तारेखालचा सुती दोरा केसभर पुढे, केसभर मागे. मी अर्धा तास उभी, पिशवीतली मेथी सुकली. आणि एकदम तार उघडली, एका तारेतून दहा आवाज. ते काहीच बोलले नाहीत, दुसऱ्या तारेकडे वळले.

काल गुरुवार. नेमका भजनाच्या वेळी लेकीचा फोन. आवाज पडलेला, ऑफिसात काहीतरी बिनसलं होतं. म्हणाली, "आई, बोल ना काहीतरी." मी म्हटलं, "बोलत नाही, फोन चालू ठेवते, ऐक." फोन पेटीवर ठेवला. दहा मिनिटांनी फोनमधून बारीक आवाज आला, "आई, किती स्लो आहे गं हे! फास्ट कधी होणार?"

वैनीच म्हणाल्या, "थांब की गं जरा."